एक रिंग, दोन रिंग

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे, फक्त 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि खोकला काढून टाकलाय.)

जेवण झालं असेल तर निवांत बसा. झालं नसेल तर ताट घेऊन बसा. आणि ताटासमोर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला असेल, तर असू दे, मीपण तेच करतो.

आजचा विषय मोबाईल. घाबरू नका, 'मोबाईल शाप की वरदान' हा दहावीचा निबंध मी म्हणून दाखवणार नाहीये. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माझं पोटच मोबाईलवर चालतं. नेमकं सांगायचं तर मी नोटिफिकेशन पाठवणाऱ्या टीममध्ये काम करतो. तुमच्या खिशात दिवसभर जे 'टुंग' वाजतं ना, त्यातले काही टुंग माझे. शिव्या द्यायच्या असतील तर भाग संपल्यावर द्या.

मला आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. फोन वाजला की आपल्या मनात पहिलं काय येतं? मी लहान असताना यायचं, 'कोणाचा असेल?' आता येतं, 'आता कोण?' हे कधी बदललं आणि त्यात आमच्या घरी काय घडलं, ते सांगतो.

आमचं घर जळगावला, पिंप्राळ्याकडे. मूळ गाव अमळनेर तालुक्यात. पप्पा एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये हिशेब बघायचे. माझ्या अगदी लहानपणी घरात फोन नव्हता. शेजारच्या काकूंकडे लँडलाईन होता आणि आमच्या लग्नपत्रिकांवर, शाळेच्या फॉर्मवर त्यांचाच नंबर, पुढे 'पीपी' लिहिलेलं. आजच्या पोरांना पीपी नंबर म्हणजे काय ते सांगावं लागतं. दुसऱ्याच्या घरचा नंबर, पण निरोप आपल्याला मिळेल, असा. काकू खिडकीतून हाक मारायच्या आणि मम्मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळायची.

२००५ साली मी दुसरीत होतो. पप्पांनी गोलाणी मार्केटमधून नोकिया ११०० आणला, सेकंडहँड. २००३ साली बाजारात आलेलं ते मॉडेल, वर छोटा टॉर्च असलेलं. तेव्हा लोडशेडिंग इतकं होतं की पहिले काही महिने आम्ही त्याला फोनपेक्षा बॅटरी म्हणूनच जास्त वापरलं. रात्री मम्मी तो टॉर्च लावून पोळ्या करायची.

तो फोन 'पप्पांचा' नव्हता बरं का. घराचा होता. रात्री शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी त्याची जागा. वाजला की जो जवळ असेल तो उचलणार, आणि कोण काय बोललं ते सगळ्या घराला ऐकू येणार. त्यात तीसेक नंबर असतील. त्या तीस जणांना आम्ही ओळखत होतो, त्यांच्या घरचं पाणी प्यायलेलो होतो. त्यामुळे फोन वाजला म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी, हे गृहीतच.

असं का होतं? कारण बोलायला पैसे पडायचे. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना लावलेला. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. म्हणजे समोरच्याने फोन केला तरी बिल तुमचं! इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये, आणि आमच्यासारख्या घरात मोबाईल शिरला तो त्यानंतरच. तरीही आउटगोइंग महाग. २००६ मध्ये बीएसएनएलने देशात कुठेही मिनिटाला एक रुपया असा प्लॅन आणला, तर त्याची पेपरात मोठी बातमी झाली होती.

मग गरिबाने काय करायचं? मिस्ड कॉल.

आमच्या घरी त्याची भाषाच ठरलेली होती. एक रिंग म्हणजे 'सगळं ठीक'. दोन रिंग, म्हणजे एकदा वाजवून कट आणि लगेच पुन्हा, याचा अर्थ 'काम आहे, फोन करा'. पप्पा मिलमधून निघताना एक रिंग द्यायचे, मम्मी भाजी फोडणीला टाकायची. गावाकडे शेतीच्या पंपाला लाईट रात्री यायची. काका दोन वाजता मळ्यात जाऊन मोटर चालू करायचे आणि घरी परत आले की एक रिंग. म्हणजे विंचूकाटा काही नाही, सुखरूप आलो. अर्ध्या झोपेत पप्पा फोनकडे बघायचे आणि कूस बदलायचे.

इंजिनिअर झाल्यावर मला यातली गंमत कळली. तुम्ही नंबर लावता तेव्हा नेटवर्क आधी समोरचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते शोधतं, त्याला वाजवतं. पैशाचं मीटर सुरू होतं ते समोरच्याने उचलल्यावरच. म्हणजे शोधण्याचं, पोचवण्याचं, वाजवण्याचं सगळं काम कंपनीने केलं आणि आपण एक पैसा न देता निरोप दिला. एकाच बिटचा निरोप. हो किंवा नाही. मोठमोठ्या प्रोटोकॉलची पुस्तकं वाचली मी, पण अमळनेरच्या मळ्यातून रात्री दोनला येणाऱ्या त्या एका रिंगइतका काटकसरी प्रोटोकॉल पाहिला नाही.

पुढे सगळं भराभर बदललं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आणला आणि बाकीच्यांनाही आणावा लागला. मग एसएमएसचं वेड. ते इतकं वाढलं की २०११ मध्ये ट्रायने दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, नंतर ती २०० केली. दिवाळीला तर एसएमएस पॅक चालायचाच नाही, प्रत्येक शुभेच्छेला पैसे. म्हणून आम्ही धनत्रयोदशीच्या आधीच 'ॲडव्हान्समध्ये शुभ दीपावली' पाठवून मोकळे व्हायचो.

२०१५ ला मी बीटेकला पुण्यात आलो. पहिला स्मार्टफोन तेव्हाच, हप्त्यावर. रोज रात्री नऊला पप्पांचा फोन. तीन मिनिटांचा, कारण टॉकटाइम. सुरुवात ठरलेली: "काय रे, जेवना का?" अहिराणीत म्हणजे जेवलास का. पप्पा जळगावात तीस वर्षं राहिले, पण माझ्याशी फोनवर पहिलं वाक्य अहिराणीतच. मग मेसचं काय, पेपर कधी, पैसे आहेत का. तीन मिनिटांत सगळं विचारून व्हायचं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आमच्या हॉस्टेलवर अक्षरशः सण होता. कॉल फुकट! मला वाटलं, आता पप्पांशी तासतास बोलू. पहिला महिना बोललोसुद्धा. मग हळूहळू एक गोष्ट झाली, जी मला तेव्हा कळली नाही. आधी मिनिटं मोजलेली होती, म्हणून फोन आला की तेव्हाच बोलावं लागायचं. आता मिनिटं संपतच नव्हती, म्हणून 'पप्पा, नंतर करतो' म्हणता यायला लागलं. आणि ते 'नंतर' पुढे पुढे जात राहिलं. नऊचा फोन दिवसाआड झाला, मग रविवारी. मग व्हॉट्सॲपवर सकाळी सूर्यफुलाचा फोटो आणि 'शुभ सकाळ'. मी त्यावर अंगठा.

आता थोडं गंभीर बोलतो, कारण खान्देशातला माणूस मोबाईलबद्दल बोलतोय आणि हे बोलणार नाही, असं होऊ शकत नाही.

२०१८ चा जून. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज सगळीकडे सुटले होते. आमच्या फॅमिली ग्रुपवरही आले. पप्पांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, "हे खरं आहे का?" मी वाचलं. दोन निळ्या टिका गेल्या. परीक्षा होती, मला वाटलं नंतर सांगू.

१ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे म्हणून त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारी माणसं. आपल्या आज्यांनी त्यांना पसाभर धान्य घातलं असेल.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' असं लेबल लावायला सुरुवात केली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं जाहीर केलं. आज तुम्ही काही फॉरवर्ड करताना पाचवर अडता ना, त्या मर्यादेमागे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पाच माणसांचाही जीव आहे.

माझ्या एका उत्तराने राईनपाड्यात काही बदललं असतं, असं मी म्हणत नाही. पण बातमी वाचून मी पप्पांचा तो मेसेज पुन्हा उघडला. ते विचारत होते. त्यांच्या पिढीला शिकवलेलंच हे आहे की फोनवरून येतं ते आपल्या माणसाकडून येतं, म्हणजे ते खरं असणार. तरीही त्यांना शंका आली, त्यांनी विचारलं. आणि ज्याला विचारलं, त्याने टिका निळ्या करून ठेवून दिलं. मी तेव्हा उत्तर पाठवलं. "खोटं आहे पप्पा." ते म्हणाले, "हो, कळलं."

मला वाटलं, मी शिकलो. नव्हतो शिकलो.

२०२२ चा मे. मी पुण्यात, हिंजवडीत. नोकरीला तीन वर्षं झाली होती. तोपर्यंत माझा फोन असा झाला होता की दिवसाला आठ-दहा कॉल लोनचे, प्लॉटचे, क्रेडिट कार्डचे. म्हणून कामाच्या वेळात डू नॉट डिस्टर्ब. एकेकाळी तीसच नंबर होते आणि प्रत्येक रिंग आपली होती. आता सातशे नंबर होते आणि मी सगळ्या रिंगा बंद करून बसलो होतो.

त्या रात्री आमचं एक कॅम्पेन जाणार होतं. जे लोक महिनाभर ॲप उघडत नाहीत त्यांना नोटिफिकेशन. त्याचं थोडं सांगतो. आमच्या सर्व्हरवरून मेसेज आधी गूगलकडे किंवा ॲपलकडे जातो आणि तिथून तुमच्या फोनवर. पाठवताना प्रायॉरिटी द्यायची असते, नॉर्मल की हाय. हाय असेल तर झोपलेला फोनही जागा होतो. आणि प्रत्येक टीमला वाटतं, आपला मेसेज हाय. त्या नोटिफिकेशनचा मजकूर होता, 'तुमची आठवण येते!' पुढे हृदयाचं चित्र आणि पन्नास रुपयांचं कूपन.

रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी पप्पांची एक रिंग आली. फोन गप्प होता, मला ऐकू आली नाही. पावणेदहाला स्क्रीनवर दिसलं, मिस्ड कॉल, एक. माझ्या डोक्यातला जुना अर्थ आपोआप लागला. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. मी जेवायला गेलो.

जळगावात काय झालं होतं, ते ऐका. पप्पांना मेसेज आलेला, तुमचं मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याशी बोला, आणि दहा आकडी नंबर. आता मे महिन्यातलं जळगाव म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. पारा ४४-४५ ला जातो, रात्री भिंतीसुद्धा गरम लागतात. घरात ऐंशीच्या पुढची आजी, कूलरसमोर झोपलेली. साडेनऊला लाईट गेली तर तिचं काय, एवढंच पप्पांना दिसलं.

त्यांनी तो नंबर लावला. समोरचा माणूस फार गोड बोलला. "काका, काळजी करू नका, दहा रुपये भरा, अपडेट होऊन जाईल." त्यासाठी एक ॲप टाकायला लावलं. ते स्क्रीन शेअर करणारं ॲप होतं. पप्पा इकडे आकडे टाकत होते, तो तिकडे बघत होता. पंधरा मिनिटांत तीन व्यवहारांत ६२ हजार रुपये गेले.

पण मला छळते ती गोष्ट वेगळी आहे. त्या माणसाला फोन लावायच्या आधी पप्पांनी मला लावला होता. ८ वाजून १२ मिनिटांचा तो कॉल. म्हणजे त्यांना शंका आली होती. पुन्हा एकदा.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅव्हल्सने जळगावला पोचलो. पप्पा ओट्यावर बसलेले. मी चिडून विचारलं, "पप्पा, तुम्ही एकच रिंग का दिली? दोन द्यायच्या ना!" ते म्हणाले, "तू मीटिंगमध्ये असशील. एक दिली की तू मोकळा झाल्यावर करशील, असं वाटलं."

बघा. रिंग तीच, एक. माझ्यासाठी तिचा अर्थ वीस वर्षांपूर्वीचाच होता, 'सगळं ठीक'. त्यांच्यासाठी मधल्या वर्षांत तो बदलून गेला होता, 'सवड मिळाली तर'. आणि हा बदल त्यांनी मनाने केला नव्हता. प्रत्येक 'नंतर करतो' म्हणताना मीच त्यांना तो शिकवला होता. पूर्वी ते रुपये वाचवायला कट करायचे. आता माझा वेळ वाचवायला.

अनोळखी माणूस त्यांच्यापर्यंत एका मेसेजमध्ये पोचला. ते मात्र स्वतःच्या पोरापर्यंत पोचू शकले नाहीत. आणि त्याच वेळी मी लाखो अनोळखी लोकांना हाय प्रायॉरिटीने सांगत होतो, तुमची आठवण येते.

पैसे परत आले नाहीत. आम्ही तक्रार केली, पण रात्र मध्ये गेली होती. हे लक्षात ठेवा मंडळी, अशी फसवणूक कळल्या क्षणी १९३० या नंबरवर फोन करायचा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि महावितरणचा मेसेज खासगी दहा आकडी नंबरावरून येत नाही, त्याच्या नावाच्या हेडरने येतो. हे आज रात्रीच घरच्यांना सांगा. फॉरवर्ड करू नका, फोन करून सांगा.

त्यानंतर पप्पांनी चार-पाच महिने स्मार्टफोनला हात लावला नाही. बटणांचा फोन घेतला. बिल भरायला रांगेत उभे राहायचे. मम्मी म्हणायची, पैशाचं नाही रे, लाज वाटली त्यांना. आयुष्यभर दुसऱ्याच्या मिलचा हिशेब एका पैशाने चुकू दिला नाही त्या माणसाने.

मग दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आम्ही दोघं बसलो. मी त्यांना एक सेटिंग दाखवलं. डू नॉट डिस्टर्बमध्ये 'रिपीट कॉलर्स' नावाचा पर्याय असतो. फोन गप्प असला तरी एकाच माणसाचा थोड्या वेळात दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतोच. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत, आयफोनवर तीन मिनिटांच्या आत. आहे की नाही गंमत? जगातल्या हुशार लोकांनी बसून जे बनवलं, ते आमच्या घरचंच दोन रिंगांचं गणित. त्या रात्री पप्पांनी दुसऱ्यांदा लावला असता तर माझा फोन वाजला असता. माझ्या फोनमध्ये सोय होती, ती घरी सांगितलेली नव्हती.

पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलं जुनंच." मी म्हटलं, "हो पप्पा, जुनंच. दोन रिंगा म्हणजे मी मीटिंग सोडून उचलणार. आणि पैसे, ओटीपी, पोलीस, लाईट, यातलं काहीही फोनवर आलं, तर आधी दोन रिंगा मला. समोरचा कितीही घाई करू दे." आजीलाही समजावलं. ती म्हणाली, "मग एक रिंग कशाची?" मला उत्तर सुचेना. मम्मीने दिलं, "एक रिंग म्हणजे जेवलास का."

आता फोन बाजूला ठेवण्याचं म्हणाल, तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि दीड तास मोबाईल-टीव्ही बंद. मला ते आवडतं, कारण नियम सगळ्या गावाने मिळून केला. एकट्याने फोन बंद केला तर काय होतं, ते मी आत्ताच सांगितलं. बाहेरचं जग बंद होतं आणि घरही बंद होतं. त्यामुळे फोन खुशाल बंद ठेवा, पण बंद असताना आपल्या माणसाने दार कसं वाजवायचं, ते आधी घरात ठरवा.

माझ्या कामाचं म्हणाल तर मी अजून त्याच टीममध्ये आहे. नोकरी सोडून केळीची शेती करायला निघालो, अशी गोष्ट नाहीये ही. पण आमच्या मीटिंगमध्ये कोणी 'तुमची आठवण येते' छाप मजकूर आणला की मी विरोध करतो. दर वेळी जिंकतो असं नाही. आणि हाय प्रायॉरिटी मागितली की मी विचारतो, "हा मेसेज सकाळी मिळाला तर कोणाचं काय बिघडेल?" बऱ्याचदा उत्तर असतं, काही नाही.

पप्पा आता पुन्हा स्मार्टफोन वापरतात. या दोन-तीन वर्षांत दोन रिंगा तीनदा आल्या. एकदा खोट्या कुरिअरवाल्याचा फोन होता म्हणून, एकदा आजी पडली म्हणून, आणि एकदा चुकून, फोन खिशात दाबला गेला. तिन्ही वेळा मी उचलला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "अरे, चुकून लागला. तू मीटिंगमध्ये होतास का?" मी म्हटलं, "होतो." जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, लागलाच आहे तर, जेवना का?"

तर मंडळी, एवढंच. तुमच्या घरी मिस्ड कॉलची काय भाषा होती, ती मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. आणि हा भाग संपल्यावर पुढचा लगेच लावू नका. आधी घरी एक रिंग द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.